वाचकांचे प्रश्न : मीटरवरचा आकडा आणि कंप्युटरवरचा आकडा

गेल्या अंकात मी फ्लो मीटर (पाइपमधून ताशी किती द्रव जातो ते मोजणारा मीटर) लाइनवर कुठे आणि कसा बसवावा, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांची अडचण त्याच्या पुढची निघाली. मीटर बसला, आकडाही दाखवतोय, पण तो पीएलसीपर्यंत (मशिनं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कंप्युटरपर्यंत) किंवा कंप्युटरपर्यंत धड पोचत नाही. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन मी लोटे-परशुराम एमआयडीसीत तेवीस वर्षं हेच काम केलं आणि अजूनही कॅलिब्रेशनसाठी कारखान्यांत फिरते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या डेअरीत टँकर उतरवायच्या लाइनवर ताशी २०,००० लिटर क्षमतेचा मॅगमीटर (चुंबकीय फ्लो मीटर) आहे. त्यावर ८,००० दिसतं तेव्हा कंप्युटरवर १०,४०० येतं. लाइन बंद असली तरी कंप्युटर ४,००० दाखवतो. पूर्ण २०,००० ला मात्र दोन्हीकडे सारखंच. बसवून देणारे म्हणाले, ‘प्रोग्रॅममध्ये २,४०० वजा करून टाकू.’ करू द्यावं का? (डेअरीतले शिफ्ट सुपरवायझर, सांगली जिल्हा)

उत्तर : करू देऊ नका. तुम्ही तीन ठिकाणचे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे मला इथे बसून दोष सांगता येतोय. नुसतं ‘कंप्युटर चुकीचं दाखवतो’ एवढंच लिहिलं असतं, तर मला उलट पत्र पाठवून तेच विचारावं लागलं असतं.

तुमचा मीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवतो. प्रवाह शून्य असेल तर ४, पूर्ण असेल तर २०. ८,००० म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के. ४ च्या वरच्या १६ मिलिअँपिअरचे ४० टक्के ६.४ होतात, म्हणजे तारेतून १०.४ मिलिअँपिअर जातोय. इथवर सगळं बरोबर आहे. पण पीएलसीच्या कार्डाला (हा करंट वाचणाऱ्या भागाला) कोणीतरी ‘० ते २०’ सांगून ठेवलंय. त्या हिशेबाने १०.४ म्हणजे २० पैकी ५२ टक्के, आणि २०,००० चे ५२ टक्के १०,४००. लाइन बंद असताना येणारे ४ मिलिअँपिअर त्याला २० टक्के वाटतात, म्हणून ४,००० दिसतं. २० ला दोन्ही मोजपट्ट्या एकत्र येतात, म्हणून तिथे फरक उरत नाही. घोडं पेंड खातंय ते इथे.

आता २,४०० वजा केले तर काय होईल? ८,००० ला बरोबर दिसेल आणि बाकी सगळीकडे चुकेल. ५,००० चा खरा प्रवाह ५,६०० दिसेल, पूर्ण २०,००० चा १७,६०० होईल. टँकर दारात नसतानाही कंप्युटर ताशी १,६०० लिटर दूध आल्याचं लिहीत राहील. महिनाअखेर संस्थांची बिलं या आकड्यावर निघत असतील, तर हा शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे. मला हे मनापासून लागतं, कारण अशी वजाबाकी एकदा प्रोग्रॅममध्ये शिरली की ती कोणी आणि का घातली, हे वर्षभरात कुणालाच आठवत नाही.

कार्डाच्या सेटिंगमध्ये त्या चॅनेलला ‘४ ते २०’ करा. काही जुन्या कार्डांत हे सॉफ्टवेअरबरोबरच बाजूच्या छोट्या ठोकळ्यानेही ठरतं. तो काढून योग्य खुणेवर फिरवून बसवावा लागतो. सीमेन्सचं कार्ड असेल तर ‘० ते २०’ आणि ‘४ ते २०’ दोन्हींत पूर्ण मोजपट्टी २७६४८ एवढीच दिसते. वरचं टोक बघून चूक कळत नाही, लाइन बंद ठेवून बघा. शून्याऐवजी ५५३० च्या आसपास आकडा आला, तर सेटिंग अजून जुनंच आहे.

दुरुस्तीनंतर मीटरच्या तारा सोडवून लूप कॅलिब्रेटरने (हवा तेवढा करंट देणाऱ्या उपकरणाने) ४, ८, १२, १६ आणि २० द्या. कंप्युटरवर ०, ५,०००, १०,०००, १५,००० आणि २०,००० आलंच पाहिजे. कॅलिब्रेटर नसेल तर चालू लूपमध्ये (करंटच्या वाटेत) मल्टिमीटर घालून करंट मोजा. मल्टिमीटर तारेच्या मध्ये, मालिकेत लावायचा, दोन टर्मिनलांवर आडवा नाही. आणि मोजून झालं की लाल वायर व्होल्टच्या खोबणीत परत घाला. ती करंटच्या खोबणीत विसरून पुढचा माणूस थेट २३० व्होल्टला लावतो, असं मी तीनदा पाहिलंय.

सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का, असं तुमच्या सहकाऱ्याने विचारलंय. तार तुटली की करंट शून्य होतो. सुरुवातच शून्यापासून असती, तर ‘प्रवाह नाही’ आणि ‘तार तुटली’ यांत फरकच कळला नसता. शिवाय दोन तारांचे ट्रान्समीटर (मोजून सिग्नल पाठवणारी उपकरणं) स्वतःला लागणारी वीज त्याच ४ मिलिअँपिअरमधून घेतात.

प्रश्न : प्रोसेस हाउसमध्ये सात मशिनांवर पाण्याचे मीटर आहेत. सगळे आरएस-४८५ वर (दोन तारांची जोडणी) मॉडबसने (मीटर आणि कंप्युटरची बोलायची भाषा) एका कंप्युटरला यूएसबी कन्व्हर्टरमधून जोडलेत. इलेक्ट्रिशियनने सातही केबल मधल्या एका जंक्शन बॉक्समध्ये आणून एकत्र बांधल्या. रविवारी सगळं छान चालतं. सोमवारी स्टेंटर आणि जेट (कापड वाळवायची आणि रंगवायची मशिनं) सुरू झाले की ५ आणि ६ नंबर गायब होतात. कोणी म्हणतं कंप्युटर बदला. (मेंटेनन्स फिटर, इचलकरंजी)

उत्तर : कंप्युटर बदलू नका, त्याचा काही दोष नाही. रविवारी चालतं आणि सोमवारी नाही, यातच उत्तर आहे. रविवारी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) बंद असतात.

आरएस-४८५ ची केबल झेंडूच्या माळेसारखी जायला हवी. कन्व्हर्टरपासून पहिल्या मीटरला, तिथून दुसऱ्याला, असं करत सातव्यापर्यंत एकच दोरा. तुमच्याकडे माळ नाही, केरसुणी झालीय. मधला बॉक्स काढा. माळेच्या दोन्ही टोकांना, फक्त टोकांनाच, १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. कन्व्हर्टरच्या आत तो आधीच असतो का, ते बघून घ्या. मग सगळ्यांचा सप्लाय बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टोक राहिलंय, ४० आलं तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर दडलाय.

पण तुम्ही पत्रात लिहिलेलं केबलचं अंतर १८० मीटर आणि संदेशांचा वेग सेकंदाला ९६०० बिट. एवढ्या कमी वेगाला नुसत्या केरसुणीने मीटर गायब होतीलच असं नाही. माझा खरा संशय दुसरीकडे आहे. तुम्ही लिहिलंय, ‘दोनच तारा ओढल्या, शिल्ड दोन्हीकडे कापून टाकलं.’ (शिल्ड म्हणजे तारांवरचं धातूचं वेष्टन.) आरएस-४८५ दोन तारांतला फरक वाचतो, हे खरं. पण त्या तारा वाचणाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असाव्या लागतात. स्टेंटरजवळच्या पॅनेलची अर्थिंग आणि ऑफिसमधल्या कंप्युटरची अर्थिंग यांत ड्राइव्ह चालू असताना याहून जास्त फरक पडला की ते मीटर मुके होतात. म्हणून तिसरी, कॉमनची तार सर्व मीटरांतून घ्या आणि आयसोलेशन असलेला (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टर लावा. साधा आणि आयसोलेटेड यांच्या किमतीत फरक आहे. इथे तो पैसा वाचवू नका. केबल पिळाच्या जोडीची आणि शिल्डची हवी, शिल्डची अर्थिंग एकाच टोकाला. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या ट्रेमधून ही केबल काढून किमान फूटभर लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

दोन बारीक गोष्टी. टर्मिनलवरचं ए आणि बी सगळे उत्पादक एकाच अर्थाने लिहीत नाहीत, एकाचं ए ते दुसऱ्याचं बी असू शकतं. एक मीटर मुळीच बोलत नसेल तर त्याच्या दोन तारा उलटून बघा, त्याने काही जळत नाही. आणि ५ व ६ या दोघांचे पत्ते वेगळे आहेत ना, ते मीटरच्या मेनूत जाऊन स्वतः बघा. कागदावर वेगळे असून उपयोग नाही.

प्रश्न : डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मीटरवर १००.० असताना लॅपटॉपवर दोन रजिस्टर (मीटरमधले आकडे साठवायचे खण) वाचली, तर १७०९६ आणि ० आलं. पहिल्याला १७०.९६ ने भागलं की बरोबर १०० येतात. पण प्रवाह ५० केला तर ९९.२५ येतात! (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बेटा, तू ५० वर तपासून बघितलंस, याचं मला फार कौतुक वाटतं. १०० ला जुळलं म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि रिपोर्ट लिहून मोकळे होतात.

तो आकडा साधा पूर्णांक नाही. मीटरने दशांश संख्या ३२ बिटांत बसवून १६-१६ बिटांच्या दोन रजिस्टरांत वाटून ठेवलीय. पहिल्या रजिस्टरमध्ये चिन्ह, दोनाचा घात आणि संख्येचा सुरुवातीचा भाग असतो. प्रवाह निम्मा झाला की घात फक्त एकाने उतरतो. म्हणून ५० ला तुला १६९६८ मिळालं, म्हणजे १७०९६ पेक्षा फक्त १२८ कमी. भागाकाराने ते सुटणारच नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रजिस्टर मिळून ‘फ्लोट’ असं वाच. निरर्थक किंवा शून्यासारखा आकडा आला, तर शब्दांची, म्हणजे दोन रजिस्टरांची, अदलाबदल करायचा पर्याय निवड. कोणतं रजिस्टर आधी पाठवायचं, हे मीटर बनवणारे आपापलं ठरवतात. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलं, तेव्हा त्यात फक्त १६ बिटांच्या रजिस्टरांचाच विचार होता.

पुढची ठेच आत्ताच सांगून ठेवते. मॅन्युअलमधलं ४०००१ हे तारेवरून जाताना पत्ता ० म्हणून जातं. एका घराने मागेपुढे होत असेल, तर कारण हेच. आणि टोटलायझर (एकूण प्रवाहाची बेरीज) ६५५३५ नंतर पुन्हा शून्यावर आला, तर मीटर बिघडलाय असं समजू नकोस. तू दोनपैकी एकच रजिस्टर वाचते आहेस.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये ट्रान्समीटर २४ व्होल्टच्या सप्लायला जोडून हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरशी बोलायचं हातातलं उपकरण) लावतो. करंट बरोबर, पण कम्युनिकेटरला उपकरण सापडत नाही. प्लांटमध्ये तोच ट्रान्समीटर लगेच बोलतो. (इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, मूळचे रत्नागिरीचे, सध्या सोहार, ओमान)

उत्तर : लूपमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला आणि कम्युनिकेटर ट्रान्समीटरच्या दोन टर्मिनलांवर लावा. हार्टचा संदेश म्हणजे ४ ते २० च्या करंटवर स्वार झालेली १२०० आणि २२०० हर्ट्झची बारीक लहर. बेंचवरचा सप्लाय त्या लहरीला जवळजवळ शॉर्टसारखा दिसतो, ती तिथेच विरते. प्लांटमध्ये कार्डाचा स्वतःचा रोध असतो, म्हणून तिथे बोलणं होतं. २० मिलिअँपिअरला २५० ओहम ५ व्होल्ट खातो, तेवढं धरूनही ट्रान्समीटरला पुरेसा व्होल्टेज उरतो ना, ते बघा. प्लांटवर कम्युनिकेटर लावण्याआधी कंट्रोल रूमला सांगून लूप मॅन्युअलवर घ्यायला लावता ना? लावत असालच, तरी लिहिते.

प्रश्न : आमच्या नळ योजनेत मॅगमीटरचा सिग्नल थेट हायपोक्लोराइटच्या (पातळ क्लोरीनच्या) डोसिंग पंपाला दिलाय. पाणी जास्त तर डोस जास्त. पण जॅकवेलचा (उपसा विहिरीचा) पंप रात्री बंद झाला की कधीकधी मीटर ६०-७० दाखवतो आणि डोसिंग सुरूच राहतं. सकाळी पहिल्या पाण्याला एवढा वास येतो की बायका हंडे ओतून देतात. आता मी रात्री डोसिंगचा स्विचच बंद करतो. (जलसुरक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : दादा, स्विच बंद करणं तुमच्या जागी मीही केलं असतं. पण एखाद्या पहाटे तो चालू करायचा राहिला, तर गाव विनाक्लोरीनचं पाणी पिईल. म्हणून हे काम तुमच्या आठवणीवर न ठेवता तारांनी करून घेऊ.

मॅगमीटर दोन इलेक्ट्रोडमधला सूक्ष्म व्होल्टेज वाचतो, तोही पाणी इलेक्ट्रोडला टेकलेलं असेल तरच. पंप बंद झाला की तुमची लाइन उतारावर रिकामी होते, इलेक्ट्रोड उघडे पडतात आणि मीटर हवेतला गोंगाट वाचत बसतो. त्याच्या मेनूत ‘एम्प्टी पाइप’ची सोय असते. ती चालू करा आणि पाइप रिकामा झाल्यावर आउटपुट ४ मिलिअँपिअरवर येईल असं सेट करा. पुढे कधी लाइन बदलली, तर मीटर पाणी वर चढतं अशा उभ्या भागात घ्या. तिथे पाइप भरलेला राहतो.

एवढ्यावर विसंबू नका. जॅकवेलच्या पंपाच्या कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) एक जादा नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट असतो, पंप चालू असेल तेव्हाच जुळणारा. त्यातून तार काढून डोसिंग पंपाच्या बाहेरून बंद-चालू करण्याच्या इनपुटला द्या. पाण्याचा पंप फिरत नसेल तर मीटर काहीही म्हणो, डोसिंग फिरणार नाही. जॅकवेल लांब असेल आणि तार ओढणं शक्य नसेल, तर मीटरजवळ प्रेशर स्विच लावा.

उलटी चूक याहून गंभीर, कारण तिला वास नसतो. उंदराने तार कुरतडली तर सिग्नल शून्य होईल, डोसिंग गुपचूप थांबेल आणि पाणी मात्र जात राहील. नामूर या प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी सिग्नल म्हणजे बिघाड समजायचा. तिथे भोंगा किंवा लाल दिवा लागलाच पाहिजे. डोसिंग पंपातच हा अलार्म असेल तर तो चालू करा, नसेल तर अलार्म रिले असलेला एक इंडिकेटर लूपमध्ये घाला.

डोसचा हिशेब तुम्ही विचारलाय. ताशी ५० घनमीटर पाणी, लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे तासाला १०० ग्रॅम. १० टक्क्यांच्या हायपोक्लोराइटच्या एका लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम क्लोरीन असतं, म्हणजे तासाला एक लिटर. मीटरची क्षमता १०० घनमीटर असेल, तर २० मिलिअँपिअरला पंप तासाला २ लिटर देईल असा लावा. पण उन्हाळ्यात कॅनमधलं हायपोक्लोराइट दर आठवड्याला पातळ पडत जातं आणि हे कुठल्याही तारेला कळत नाही. गावातल्या शेवटच्या नळाला ओ.टी. चाचणी (उरलेलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी) रोज करत राहा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० चं तेच मानक आहे. तिथे कमी आलं तर डोसिंग पंपाचा स्ट्रोक (एका ठोक्यात जाणारं माप) वाढवा, मीटरच्या सेटिंगला हात लावू नका.

प्रश्न : लहान केमिकल युनिट आहे. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला (बाहेरच्या आवरणाला) वाफेचा आणि थंड पाण्याचा असे दोन कंट्रोल व्हॉल्व्ह, पीएलसीवर. मला घरून मोबाइलवर तापमान बघायचं आहे आणि गरज पडल्यास व्हॉल्व्हही चालवायचे आहेत. मुलगा म्हणतो, राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडलं की झालं. (कारखानदार, चिंचोली एमआयडीसी, सोलापूर)

उत्तर : बघा, जरूर बघा. पण व्हॉल्व्ह घरून चालवू नका. आणि राउटरवर पोर्ट उघडायचं काम तर आजच थांबवा.

साध्या मॉडबसला पासवर्ड ही गोष्टच माहीत नाही. ५०२ नंबरचं पोर्ट इंटरनेटला उघडलं, की तिथवर पोचणारा कोणीही तुमचा व्हॉल्व्ह उघडू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात २००० साली सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं रेडिओवर चालत. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने गाडीत बसून रेडिओवरून खोटे हुकूम पाठवले आणि सुमारे ८ लाख लिटर मैला उद्यानांत आणि ओढ्यांत सोडला. तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये सांडपाणी नाही, तिथे तुमची माणसं उभी असतात.

परका माणूस सोडा, मला जास्त भीती आपल्याच माणसाची वाटते. एका कारखान्यात दुसऱ्या इमारतीतून सेटपॉइंट (यंत्रणेने गाठायचा ठरवलेला आकडा) बदलला गेला, आणि त्याच वेळी फिटरने त्या लाइनचा फ्लँज (पाइपचा जोड) सैल केलेला होता. त्याचा हात मनगटापर्यंत भाजला. बदलणाऱ्याची चूक एवढीच, की त्याला तो फिटर दिसत नव्हता. घरी बसून तुम्हालाही दिसणार नाही.

पीएलसीतून आकडे फक्त बाहेर पाठवणारं गेटवे घ्या, ज्याला लिहायची परवानगीच नाही असं. बाहेरून आत यायचं असेल तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने). पॅनेलवर चावीचा स्विच बसवा. चावी ‘लोकल’ला असेल तेव्हा पीएलसीचा व्हॉल्व्हकडे जाणारा हुकूम तारेनेच तुटला पाहिजे, प्रोग्रॅमच्या एका ओळीने नव्हे.

आणि मोबाइलच्या आधी एक तपासणी करा. रिअ‍ॅक्टर रिकामा असताना व्हॉल्व्ह चालवणारी हवा बंद करा आणि दोन्ही व्हॉल्व्हजवळ स्वतः उभे राहा. नंतर हवा चालू करून ४ ते २० च्या तारा सोडवून बघा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोन्ही वेळा वाफेचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि थंड पाण्याचा पूर्ण उघडायला हवा. पाण्याचा व्हॉल्व्हही बंद होत असेल, तर पुढची बॅच घेऊ नका. स्प्रिंगची बाजू उलटवता येते का, ते व्हॉल्व्हवाल्याला विचारा, आणि अ‍ॅक्शन उलटली की पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण) आणि पीएलसीतली दिशाही उलटावी लागेल, हे त्याच दिवशी ड्रॉइंगवर लिहून ठेवा. काय दिसलं ते मला कळवा.